चौथ्या गेटपलीकडचा नांगर

संध्याकाळचे साडेसहा. बेळगावच्या उद्यमबागेतून अनगोळला परतताना चौथे रेल्वे गेट नेमके तुमच्या तोंडावर पडते. दोन्ही अंगांना दुचाक्या, रिक्षा, ओतीव माल भरलेला एक टेम्पो, कॉलेजची पोरे. एकेक इंजिन बंद होते. या जागी उन्हाळ्यात फाउंड्रीच्या जळक्या वाळूचा वास असतो आणि पावसाळ्यात येळ्ळूरच्या बाजूच्या भातशिवाराचा. आज पहिला वळीव पडून गेलाय, त्यामुळे दोन्ही वास एकदम आहेत. तुम्ही स्कूटरवर बसूनच फोन काढता आणि दुपारपासून कितीतरी वेळा वाचलेले पत्र पुन्हा वाचता.

पत्र परदेशातल्या गिऱ्हाइकाचे. गेली दोन वर्षे तुम्ही आणि तुमचे दोन सोबती मिळून फाउंड्र्यांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिताय. भट्टी कधी पेटवायची, कुठला साचा आधी भरायचा, कुठल्या ऑर्डरला कुठल्या ग्रेडचे लोखंड लागेल, याचा क्रम ते लावून देते. त्यातला एक पडदा गिऱ्हाइकाला फार आवडला होता. ज्या जॉबला उशीर होणार, तो आपोआप यादीत वर सरकतो आणि लाल होतो. आता त्यांच्या वकिलांचे म्हणणे पडले की ही ‘रीत’ तिकडे कुणाच्या तरी पेटंटमध्ये येऊ शकते. सबब तेवढा भाग काढून द्या.

तुम्ही कुणाचे कोड चोरलेले नाही. कोडच्या ओळींना कॉपीराइटचे संरक्षण असते, आणि तुमची प्रत्येक ओळ तुमचीच आहे. पण पेटंट ओळींवर नसते, ते कल्पनेच्या रीतीवर असते. ती रीत तुम्हाला स्वतःला सुचली, त्यांचा कागद तुम्ही जन्मात पाहिलेला नाही, हे सांगून पेटंटच्या कायद्यात सुटका होत नाही.

खाली सोबत्याचा मेसेज आहे. ‘आपणच दोन-चार पेटंट टाकून ठेवू. उद्या आपल्यालाही कुणाला तरी असं पत्र पाठवता येईल.’ त्याचे म्हणणे खोटे नाही, म्हणूनच ते तुम्हाला बोचते आहे.

गाडीचा भोंगा वाजतो. तुम्ही फोनमधून मान वर काढता. रूळ थरथरतात, डबे जातात, धूळ उडते. धूळ खाली बसते तेव्हा रुळांमधले अंतर कमी झालेले असते. मीटरगेज. टेम्पो नाही, स्कूटर नाही. उद्यमबागेच्या जागी माळ आहे, त्यावर चार गुरे. ही रेल्वे बेळगावात १८८७ साली आली. तुम्ही उभे आहात तिथून सोळा वर्षांमागे. साल १९०३.

गावाच्या दिशेने चालत निघा. वाटेत टिळकवाडी लागत नाही, कारण ती अजून वसलेली नाही. ऐरणीवरच्या ठोक्यांचा आवाज येईल, त्या रोखाने जा. पत्र्याखाली एक कारखाना आहे. कारखाना म्हणायला अंमळ मोठाच शब्द झाला. एक शेगडी, एक लेथ, भिंतीला टेकवलेल्या दोन सायकली, कडबा तोडायच्या यंत्राचे एक चाक, आणि मधोमध जमिनीवर उलटा पडलेला विलायती लोखंडी नांगर. त्याचे सगळे बोल्ट काढलेले आहेत.

त्याच्यापाशी उकिडवे बसलेले गृहस्थ म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. वय चौतिशीच्या आसपास. जन्म याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथे कळले की आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. मग कुंचला ठेवला आणि यांत्रिक ड्रॉइंग हाती घेतले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवले आणि उरल्या वेळात तिथल्या यंत्रशाळेत हात काळे केले. ठरलेली बढती दुसऱ्याला गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. थोरले बंधू रामूअण्णांचे इथे सायकलचे दुकान होते, १८८८ पासूनचे.

तुम्ही दारातच घुटमळता. घणावरचा माणूस तुमच्याकडे बघतो.

“काय बघूलालाय? हात लावा की. चावत नाही ते.”

तुम्ही वाकून फाळ हातात घेता. जड आहे. विलायतेतल्या दणकट घोड्यांच्या हिशेबाने केलेली वस्तू, इथल्या बैलजोडीला ओढायची तर वजन कमी करायला हवे. माती पालथी घालणाऱ्या पात्याचा बाक इथल्या जमिनीला मानवेल असा वळवायला हवा. मोडलेला भाग गावच्या लोहाराला बदलता यायला हवा. कागदावर रेघा आहेत, खोडलेल्या, पुन्हा काढलेल्या. उघडायचे, मोजायचे, समजून घ्यायचे आणि आपल्या मातीसाठी पुन्हा करायचे, हा या पत्र्याखालचा दिवसभराचा उद्योग.

इथे थोडे थांबा. मला या प्रवासात तुम्हाला जे दाखवायचे आहे, त्यातले अर्धे या पत्र्याखालीच आहे.

तुमच्या हातातल्या फाळामागे पेटंटेही आहेत. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८०३ साली, इंग्लंडातल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने ओतीव फाळाचे एक पेटंट घेतले. साच्यात फाळाची खालची बाजू थंड लोखंडाला टेकवून ओतायची. ती बाजू झटकन गार होऊन कडक होते, वरची मऊ राहते. जमिनीत चालताना मऊ बाजू आधी झिजते आणि फाळाला आपोआप धार राहते. फाउंड्रीत वाढलेल्या माणसाला या युक्तीपुढे हात जोडावेसे वाटतील. रॅन्समने ती जगाला लिहून दिली आणि त्या बदल्यात चौदा वर्षांचा मक्ता घेतला. पेटंट हा मुळात असाच सौदा. तू गुपित सांग, आम्ही तुला मुदत देतो, मुदत संपली की विद्या सगळ्यांची. रॅन्समची मुदत १८१७ मध्ये संपली. नांगर त्यानंतरही नांगरच राहिला आणि माती मातीच. म्हणून बेळगावच्या पत्र्याखाली बसलेल्या माणसाला ती विद्या कुणाला न विचारता उचलता येत होती.

हिंदुस्थानातही तेव्हा पेटंटचा कायदा होता. पहिला १८५६ चा. त्याखाली आलेला पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी’पेनिंग यांचा होता, पंखा ओढणाऱ्या यंत्राचा. साहेबाच्या डोक्यावरचा झालरीचा पंखा, जो एरवी एक माणूस दोरीने दिवसभर ओढत असे. नंतरचा कायदा १८८८ चा, रामूअण्णांच्या दुकानाच्या वयाचा. दफ्तर कलकत्त्याला. घणावरच्या माणसाला यातले काहीच ठाऊक नाही आणि ठाऊक असायचे कारणही नाही.

त्याला काळजी वेगळीच आहे. नांगर खपत नाही. शेतकरी म्हणतात, लोखंडाने जमिनीत विष उतरते. तुम्ही आत्ता ज्या नांगराला हात लावलाय, त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकासाठी या माणसांना दोन वर्षे वाट पाहावी लागणार आहे. त्यांना अडवायला कुणा वकिलाचे पत्र येत नाही. अडवते ती शेतकऱ्याची शंका, भांडवलाची चणचण, आणि शेवटी नगरपालिका. जागा सोडा, असा हुकूम होईल, आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोडच्या बत्तीस एकर माळावर हे सारे उचलून नेले जाईल. बेळगावकराला हे आठवले की आजही थोडे लागते. कारखाना इथून गेला. पण उघडून बघायची सवय इथेच राहिली. उद्यमबाग त्या सवयीवर उभी आहे.

आता असे समजा की १९०३ मध्ये कुणाकडे पुढील पेटंट आहे : ‘बैलाच्या ताकदीने, कोणत्याही आकाराच्या पात्याने, माती उलटी करण्याची पद्धत.’ पाते कसे वळवले ते सांगायची गरज नाही, लोखंड कसे ओतले तेही नाही. नुसता परिणाम सांगितलेला, आणि तो कुठल्याही वाटेने साधला तरी मालकी त्याची. मग लक्ष्मणरावांनी कितीही रेघा खोडून पुन्हा काढल्या असत्या, तरी ते कुंपणाच्या आतच सापडले असते. सॉफ्टवेअरच्या पेटंटांविषयी जगभर जे भांडण झाले, त्याचे मूळ माझ्या मते इथे आहे. फाळ कसा ओतला यावर मक्ता देणे निराळे, आणि ‘माती उलटणे’ यावर देणे निराळे.

घणावरचा माणूस फाळ तुमच्या हातातून परत घेतो. तुमच्या मऊ बोटांना काजळी लागलेली आहे.

परत गेटकडे या. वाऱ्यावर वडगावच्या मागांचा आवाज येतो आहे. वडगाव, खासबाग, शहापूर ही विणकरांची वस्ती. तो खटाखट ऐकत डोळे मिटा. उघडाल तेव्हा माग तोच, पण भाषा फ्रेंच. ल्यों शहर, १८०५-०६ चा सुमार.

मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लटकते आहे. एकेक पुठ्ठा खाली येतो. भोक असेल तिथला सुतळीचा हूक उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. फूल विणले जाते. काठावर मोर उतरवणाऱ्या वडगावच्या कुठल्याही विणकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. तुम्हालाही नाही, कारण भोक आहे आणि भोक नाही, एक आणि शून्य, यावरच तुमचे पोट आहे. पुठ्ठे बदला, तोच माग दुसरे कापड विणेल. यंत्र वेगळे आणि यंत्राला सांगितलेले काम वेगळे, ही फोड इथे डोळ्यांसमोर टांगलेली आहे.

हा माग जोझेफ मारी जकार्डच्या नावाने चालतो. पण १७२५ मध्ये बाझिल बुशाँने भोके पाडलेला कागद मागाला लावला होता. त्याचा मदतनीस फाल्काँ याने कागदाऐवजी पुठ्ठे आणले. व्होकाँसाँने शतकाच्या मध्यावर येऊन वरची यंत्रणा जमवली. जकार्डने या तिघांचे एकत्र आणून चालते केले. नेपोलियनच्या सरकारने तो माग ल्यों शहराच्या हवाली केला, म्हणजे सार्वजनिक केला. जकार्डला वर्षाला ३,००० फ्रँक निवृत्तिवेतन आणि काही वर्षे प्रत्येक मागामागे ५० फ्रँक बांधून दिले. शोधणाऱ्याला पोटभर मिळाले आणि शोध कुलूपबंद झाला नाही. ही तिसरी वाट दोनशे वर्षांपूर्वी एका सम्राटाला सुचली होती, आणि आपल्या वादात तिचे नाव क्वचितच निघते, याची मला खंत आहे. पुढे लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे घेतले. त्याच्या दिवाणखान्यात जकार्डचे रेशमात विणलेले चित्र होते. ते विणायला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. पाहुण्यांना ते कोरीव छापील चित्र वाटे.

पुढचा मुक्काम छोटा आहे. टिळकवाडीतला एक कॉम्प्युटर क्लास, १९९४ सालचा डिसेंबर संपत आलेला. चप्पल बाहेर काढून आत जायचे, पडद्यावर निळसर उजेड, फ्लॉपीवर कुणीतरी मुंबईहून आणलेले गणपतीचे चित्र. फाइलच्या नावापुढे ‘जिफ’. चित्र लहान जागेत मावते, कारण त्यात वेल्चची गणिती युक्ती आहे. पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांना एकेक खूण द्यायची आणि पुढे तुकड्याऐवजी खूणच लिहायची. टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये तिच्यावर लेख छापला. लोकांनी वाचला, वापरला. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीने त्यावर जिफ बांधले आणि जगभर वाटले. त्या युक्तीवर १९८५ पासून पेटंट आहे आणि ते युनिसिसकडे आहे, हे बहुतेकांना कळले ते या डिसेंबरात. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनो, परवाना घ्या, अशी घोषणा झाली.

संतापलेल्या प्रोग्रामरांनी एकत्र येऊन नवे स्वरूप घडवले, पीएनजी. १९९६ मध्ये ते पक्के झाले आणि ते जिफपेक्षा सरस होते. पेटंटच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण आवर्जून देतात : बघा, अडचण आली म्हणून शोध लागला. मला यात समाधान वाटत नाही. रस्त्यात कुणी खड्डा खणला आणि लोकांनी वळसा घेऊन नवी पायवाट पाडली, तर पायवाटेचे श्रेय खड्ड्याला देता येत नाही. त्या माणसांचे ते महिने दुसऱ्या कशाला तरी लागले असते. अमेरिकेतले ते पेटंट २००३ च्या जूनमध्ये संपले. तोवर फ्लॉपीच जगातून उठत चालली होती.

वीस वर्षे ही आजची पेटंटची मुदत. नांगराच्या आयुष्यात वीस वर्षे म्हणजे एक पिढीही नाही. सॉफ्टवेअरच्या आयुष्यात काय, ते तुम्हीच आठवा. वीस वर्षांपूर्वी तुमच्या घरातला फोन कसा होता? आज तुमच्या पडद्यावर जो मक्ता बसेल, तो उठेल तेव्हा त्या पडद्याचे कुणाला काय?

आता दिल्ली. रविवार, २६ डिसेंबर २००४. टीव्हीवर सकाळपासून समुद्र. तमिळनाडूचा किनारा, अंदमान, नागापट्टिणम. देशाला दुसरे काही दिसत नाही, दिसायलाही नको. त्याच दिवशी राष्ट्रपतींच्या सहीने एक अध्यादेश निघतो, पेटंट कायद्यात बदल करणारा. घाईचे कारण जागतिक व्यापार संघटनेने घालून दिलेली १ जानेवारी २००५ ही तारीख. त्या दिवसापासून औषधांवर उत्पादन-पेटंट द्यायचे होते. वाद सगळा औषधांचा, आणि तो रास्तच होता. कॅन्सरच्या आणि एड्सच्या गोळ्यांच्या किमतीचा प्रश्न होता. त्या गर्दीत सॉफ्टवेअरचे एक वाक्य गुपचूप आत आले.

२००२ च्या दुरुस्तीने कलम ३(के) मध्ये लिहिले होते की गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘पर से’ संगणक आज्ञावली यांना पेटंट मिळणार नाही. ‘पर से’ हा लॅटिन जोडशब्द, म्हणजे ‘निव्वळ ती म्हणून’. संसदेच्या संयुक्त समितीने तो घातला तो अशासाठी की एखाद्या खऱ्या यंत्रात आज्ञावलीही असली, तर तेवढ्यासाठी यंत्राचे पेटंट अडू नये. अध्यादेशाने त्यापुढे आणखी जोडले : उद्योगातला तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी मिलाफ असेल तर मात्र आज्ञावलीला चालेल. हार्डवेअरशी मिलाफ नसलेली आज्ञावली तुम्ही कधी पाहिली आहे काय? तुमचा लाल होणारा जॉबसुद्धा कुठल्यातरी पडद्यावरच लाल होतो. त्या एका शब्दयोजनेने मनाईचे दार बिजागरीसकट निघाले असते.

२००५ च्या मार्चच्या चौथ्या आठवड्यात संसद भवनाच्या बाहेर उभे राहा. सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर चाललेले आहे आणि त्यांनी हट्ट धरलाय. मुक्त सॉफ्टवेअरवाले तरुण पत्रके घेऊन खासदारांच्या दारी फिरताहेत. २२ मार्चला लोकसभा, २३ मार्चला राज्यसभा. विधेयक पास होते आणि ते जोडलेले वाक्य त्यात नसते. २००२ चा मजकूर जशास तसा राहतो. तीन महिने जगलेले एक वाक्य. तुमच्यासारख्या छोट्या धंद्याला त्याची किंमत कळायला पुढची वीस वर्षे लागली. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपच्या संसदेनेही सॉफ्टवेअर पेटंटांचा आपला मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

म्हणून प्रश्न मिटला असे झाले नाही. कायदा जिथे थांबतो तिथून पेटंट कार्यालयाची मार्गदर्शक तत्त्वे सुरू होतात. ऑगस्ट २०१५ मध्ये ती सैल झाली, ओरड झाली, डिसेंबरात स्थगित. फेब्रुवारी २०१६ मध्ये कडक झाली : नवे हार्डवेअर असेल तरच बघू. जून २०१७ मध्ये ती अटही गेली. २०१९ च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी यांच्या प्रकरणात सांगितले की तांत्रिक परिणाम असेल तर केवळ आज्ञावली आहे म्हणून अर्ज फेकू नका. अमेरिकेत उलटा प्रवास झाला. तिथे १९९९ मध्ये एका टिचकीत खरेदी करण्याच्या रीतीला पेटंट मिळाले, आणि त्याच्या जोरावर ॲमेझॉनने नाताळच्या तोंडावर प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्याचे बटण कोर्टाकडून थांबवले. २०१४ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने ॲलिस खटल्यात बजावले की जुनीच अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चढवली म्हणून ती शोध ठरत नाही. तुम्हाला आलेले पत्र या सगळ्या ओढाताणीच्या मधल्या फटीतून आलेले आहे.

भोंगा. धूळ. टेम्पोवाला मागून ओरडतो, “चला की!”

गेट उघडलेय. तुम्ही अनगोळकडे जात नाही. स्कूटर वळवून पुन्हा उद्यमबागेत शिरता, तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे. काका पासष्टीचे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, टाकलेली छोटी फाउंड्री, शेजारी हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे मशीनशॉप. आजची भट्टी निवत आलीय. तुम्ही पत्र वाचून दाखवता. तुम्हाला वाटते, काका आपली बाजू घेतील.

काका चहा ओततात आणि म्हणतात, “माझं ऐकशील? मी पेटंट घेतलं नव्हतं, म्हणून बुडलो.”

त्यांनी एक व्हॉल्व्ह केला होता. तीन वर्षे खपले होते. गळती निम्म्यावर आणली होती. एका मोठ्या कंपनीने नमुना मागवला, आठ महिन्यांनी तोच व्हॉल्व्ह तिच्या नावाने बाजारात. काका कंपनीचे नाव घेत नाहीत, आपणही घेऊ नये. “तू म्हणतोयस उघडून बघायची मुभा हवी. माझा व्हॉल्व्ह त्यांनी उघडूनच बघितला की.”

याला पटकन उत्तर नाही, आणि तुम्ही ते देऊही नका. मुंबईचे शोधक शंकर आबाजी भिसे आठवा. दादाभाई नौरोजींच्या पाठबळावर लंडनला गेले, छपाईचे टाइप ओतणारे यंत्र केले, पुढे टाटांनी पैसा घातला. त्या काळ्या माणसाला तिथल्या भांडवलवाल्यांपुढे मांडायला जवळ काय होते? जमीन नाही, घराणे नाही. पेटंटचा कागद होता. धनको त्या कागदाकडे बघून बोलणे तरी करत असे. एकट्या, निर्धन शोधकाला पेटंटखेरीज दुसरी ढाल क्वचितच मिळते, हे ज्यांना दिसत नाही त्यांनी काकांच्या समोर बसून चहा घ्यावा.

काका पुढे विचारतात ते त्याहून अवघड. “पूर्वी व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते स्प्रिंग ठरवायची. आता चिप ठरवते, म्हणजे तुझं कोड. स्प्रिंगच्या जागी कोड आलं म्हणून शोध शोध राहिला नाही काय?”

राहिला. इथे मी काकांच्या बाजूने आहे. गळती कमी करणारा व्हॉल्व्ह स्प्रिंगने चालो की कोडने, तो व्हॉल्व्हच आहे. त्याचा दाब मोजता येतो, थेंब मोजता येतात, आणि दुसऱ्या कारागिराला तो वाचून करता येईल इतके लिहूनही देता येते. त्याला मुदतीचा मक्ता द्यावा, आणि ‘पर से’ त्यासाठीच आहे. माझे भांडण ‘माती उलटण्याच्या’ पेटंटाशी आहे, जिथे यंत्र नाही, मोजमाप नाही, फक्त करायच्या गोष्टीचे नाव आहे आणि पुढे ‘संगणकावर’ असे लिहिले आहे. आणि सोबत्याने सुचवलेल्या शस्त्रसाठ्याशीही आहे. मोठ्या कंपन्यांपाशी हजारांनी पेटंटे असतात, त्या एकमेकींना परवाने देऊन सुटतात. तीन माणसांच्या दुकानाची दोन पेटंटे त्या युद्धात कुणाला दिसायचीही नाहीत. वकिलाचे बिल मात्र दिसेल. काकांनी पेटंट घेतले असते तरी मोठ्या कंपनीशी दहा वर्षे कोर्टात उभे राहायला पैसा कुठून आणला असता, हा प्रश्न तुमच्या ओठांवर येतो. तुम्ही तो गिळता. त्यांना तो ठाऊक आहे.

“तो कुठला पडदा म्हणालास?” काका विचारतात.

तुम्ही फोनवर दाखवता. उशीर झालेले जॉब वर. लाल.

काका चष्मा वर करतात, बघतात, आणि काही न बोलता उठतात. भट्टीच्या उजव्या भिंतीवर फळा आहे. इतकी वर्षे तुम्ही इथे येताय, त्यावर पाठ टेकून चहा प्यालाय. आज बघा. वरच्या तीन ओळी तांबड्या खडूत. खालच्या पांढऱ्या.

“लेट झालेले वर. तांबडे. आप्पा असल्यापासून.”

तुम्हाला ही रीत सुचली, असे तुम्ही समजत होता. ती तुमच्या पाठीला दोन वर्षे टेकलेली होती.

वकिलांच्या भाषेत याला पूर्वज्ञान म्हणतात. आधीपासून लोकांत चालत आलेली गोष्ट नवी म्हणून कुणाला मागता येत नाही. पण फळ्यावरचा खडू रोज पुसला जातो. पुरावा तारखेचा लागतो, आणि तो कारखान्याबाहेरच्या लोकांनीही पाहिलेला असावा लागतो. तुम्ही तसे सांगता. काका आतल्या खोलीत जातात. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज, वरून काहीतरी पडल्याचा आवाज. बाहेर येतात ते कापडी बांधणीच्या, कडा वाळवीने खाल्लेल्या रजिस्टरांची चळत छातीशी धरून.

“रोजचा फळा संध्याकाळी यात उतरवायचा, हा आप्पांचा दंडक. पार्टी आली की हेच दाखवायचे. तुमचा जॉब कुठे हाय, बघा म्हणून. पार्टी खाली सही करून जायची.”

पहिले रजिस्टर तुम्ही उघडता. मोडी वळणाचे मराठी अक्षर, मधूनमधून कानडी आकडे, कारण मोल्डर कानडी होता. पानाच्या वरच्या ओळी तांबड्या शाईत. डाव्या कोपऱ्यात तारीख, उजव्या कोपऱ्यात कुणा गिऱ्हाइकाची सही. फोनचा कॅमेरा सुरू करता तेव्हा हात काळा झालेला दिसतो. तो भट्टीच्या काजळीने झाला की मघाशी हाती घेतलेला फाळ अजून बोटांवर आहे, ते सांगता येत नाही.

“उजेडाला धर,” काका म्हणतात आणि पान दाबून धरतात. “तारीख नीट येऊ दे.”